बिऱ्हाड हलवताना माशांची टाकी

चिपळूणहून मालवणला बिऱ्हाड हलवताना मी सगळ्यात जास्त जपला तो फिल्टरमधला काळपट, बुळबुळीत स्पंज. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच वस्तीला असतात. तो नळाखाली धुवायचा नाही, सुकू द्यायचा नाही. टाकीतल्याच थोड्या पाण्यात, सैल झाकणाच्या डब्यात न्यायचा.

टाकी रिकामी करूनच उचला. २ फुटी टाकीतलं पाणीच ५० किलोच्या आसपास भरतं. तळाशी थोडं राहिलं तरी काचेचे सांधे ताणतात. माशांना आदल्या दिवशी उपास. प्रवासाला जुनं पाणी अर्धी बादली आणि बॅटरीवरचा एअर पंप.

नव्या घरच्या विहिरीचं पाणी आधी जिभेवर घेऊन बघा. खाडीकाठी मे महिन्यात ते मचूळ लागतं, तसलं नको. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालाच. फिल्टर आधी सुरू करा, मग बादलीत तासभर थोडं थोडं नवं पाणी मिसळून मासे सोडा. पहिला आठवडा खाणं चिमूटभर, आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया दिसला की पाव टाकी पाणी बदला. तो बॅटरीवरचा एअर पंप मात्र माळ्यावर टाकू नका, पावसात वीज जातेच.