लव्हाळ्यावरचे तणनाशक घेण्याआधी एक रोप मुळासकट उपटून पाहा

मावळ, मुळशी, भोर आणि वेल्ह्यातील भाताच्या लावण्या आता उरकत आल्या आहेत, आणि दरवर्षी याच पंधरवड्यात होणारी एक चूक यंदा तरी टळावी म्हणून हे लिहीत आहे. खाचरात तिधारी काडीचे, गवतासारखे जे काही उगवते त्या सर्वाला आपल्याकडे ‘लव्हाळा’ हे एकच नाव आहे. शेतकरी दुकानात जाऊन ‘लव्हाळ्यावरचे औषध द्या’ असे सांगतो, दुकानदार फळीवरची महागातली बाटली काढून देतो, आणि एक रोप मुळासकट उपटून पाहण्याचे पाच मिनिटांचे काम मात्र कोणीच केलेले नसते. मुळशीतील एका शेतकऱ्याने अशी बाटली लावणीनंतर पाचव्या आठवड्यात फवारली. मी गेलो तेव्हा त्याच्या खाचरातल्या ‘लव्हाळ्या’ला एकही गाठ नव्हती, ते बियांवर येणारे वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात जगणारे तण होते आणि त्याचे बी चिखलात पडूनही गेले होते. पुढच्या वर्षी त्या खाचरात भातापेक्षा तणच आधी हिरवे झाले.

म्हणून खुरपे घेऊन खाचरात उतरावे, वेगवेगळ्या जागची चार-पाच रोपे मुळे न तोडता काढावीत आणि पाटाच्या पाण्यात चिखल धुऊन बांधावर मांडावीत. काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात, आतून ती भरीव असते आणि पाने बहुधा तीन दिशांना निघतात. ही मोथावर्गाची खूण आहे. भाताच्या पानाच्या बुडाशी जिभली, म्हणजे पातळ पापुद्रा असतो, तो येथे नसतो. एवढे झाले की पानाफुलांकडे नंतर वळावे आणि आधी मुळाकडे पाहावे.

मुळाशी काळपट, खवल्यांच्या गाठी असतील आणि त्या तारेसारख्या दोऱ्याने माळेत जोडलेल्या असतील, तर तो खरा लव्हाळा, म्हणजे सायपेरस रोटुंडस. गाठ नखाने फोडली की उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा वास येतो. तुरा तांबूस-जांभळा असतो. त्याचा भाऊ सायपेरस एस्क्युलेंटस याच्या गाठी माळेत नसून दोऱ्याच्या टोकाला एकेकट्या असतात, रंगाने फिकट आणि चवीला गोडसर असतात, आणि तुरा पिवळसर सोनेरी दिसतो. हे दोघेही बहुवर्षायू आहेत. सततचे उभे पाणी त्यांना मानवत नाही, त्यामुळे ते बहुधा बांधावर, राबाच्या (रोपवाटिकेच्या) जागेत आणि पाणी न टिकणाऱ्या खाचरात सापडतात.

गाठ नसेल आणि नुसती तंतुमय मुळे असतील, तर ते वर्षायू आहे. यातले तीन प्रकार आपल्याकडे नेहमीचे आहेत. सायपेरस इरियाची मुळे पिवळसर तांबूस असतात, तुरा मोकळा, पिवळट तपकिरी आणि फांद्याफांद्यांचा असतो, आणि त्याच्याखालची लांब पाने तुऱ्याच्याही वर जातात. सायपेरस डिफॉर्मिसचा तुरा घट्ट, गोल गोंड्यांचा असतो आणि पिकत आला की काळपट होतो. काडी मऊ असून बोटांत सहज दबते. फिम्ब्रिस्टायलिस मिलिएसिया तर फुलावर येण्याआधीच ओळखू येते, कारण त्याचे बूड चपटे असते आणि पाने एकाच पातळीत पंख्यासारखी पसरतात. पुढे त्यावर बारीक तांबूस दाण्यांसारखी सुटी कणसे लोंबतात. डिफॉर्मिस महिना-दीड महिन्यात उगवण्यापासून बी गळण्यापर्यंत पोहोचते, म्हणून त्याच्या बाबतीत ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणे परवडत नाही.

या तिन्ही वर्षायूंचे बी पाण्याखाली नीट उगवत नाही. उघड्या ओल्या चिखलावर ते झपाट्याने उगवते. पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि खेकड्याच्या बिळातून पाणी निघून गेले की तण आलेच. माझा अनेक वर्षांचा अंदाज असा आहे की फिम्ब्रिस्टायलिस सर्वांत आधी खाचराच्या उंचवट्यावर दिसते, त्यामुळे ते दिसले की तेथली सपाटी बिघडली आहे असे समजावे. रोप रुजल्यावर ५ सेंटीमीटर पाणी टिकवणे हे कोणत्याही बाटलीपेक्षा स्वस्त औषध आहे, आणि त्यासाठी रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारून बिळे चिखलाने बुजवावीत.

औषध लागलेच, तर तणाची ओळख पटल्यावरच घ्यावे. वर्षायू तणांसाठी लावणीनंतर ३ दिवसांच्या आत प्रेटिलाक्लोर ५० ईसी एकरी ४०० ते ६०० मिली, किंवा बेन्सल्फ्युरॉन मिथाइल ०.६ टक्के अधिक प्रेटिलाक्लोर ६ टक्के दाणेदार एकरी ४ किलो पुरते. ही मुदत हुकली असेल, तर लावणीनंतर २० दिवसांच्या सुमारास, तण कोवळे असताना आणि पाणी काढून, मेटसल्फ्युरॉन मिथाइल १० टक्के अधिक क्लोरीम्युरॉन इथाइल १० टक्के एकरी ८ ग्रॅम फवारावे; हे मोथ्यावर आणि रुंद पानांच्या तणांवर चालते, सावा हे गवत मात्र त्याने मरत नाही. एकाच गटाचे औषध वर्षानुवर्षे मारू नये, कारण कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाच्या भातशेतीत डिफॉर्मिस सल्फोनिलयुरिया गटाला, म्हणजे वरची बेन्सल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन आणि क्लोरीम्युरॉन ज्यात येतात त्याच गटाला, दाद देईनासे झाले आहे.

गाठीच्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के एकरी ३६ ग्रॅम ही शिफारस उसासाठी आहे. दौंड-इंदापूरच्या उसात ते जरूर वापरावे, पण तेच पाकीट भातासाठी म्हणून कोणी हातात ठेवले तर लेबलावर पिकाचे नाव वाचून दाखवायला सांगावे.

इतर नेहमीची कामे:
- तुटाळ (रोप न जगलेल्या जागा) आठवडाभरात भरणे
- पहिली निंदणी २० ते २५ दिवसांनी
- युरियाचा हप्ता निंदणीनंतर
- फवारणीस फ्लॅट फॅन नोझल, एकरी २०० लिटर पाणी
- फवारणीनंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधणे
- तुऱ्यावर आलेले तण बांधावर न टाकता खाचराबाहेर नेणे

खऱ्या लव्हाळ्याच्या बाबतीत रोटाव्हेटरचा मोह टाळावा. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. पाते फिरले की माळ तुटते आणि प्रत्येक गाठीला कोंब येतो. ज्या कोपऱ्यात गाठी सापडल्या तेथे आजच बांबूची काठी रोवून ठेवावी, म्हणजे भात कापल्यावर जागा विसरणार नाही. उन्हाळ्यात तेवढाच तुकडा वीतभर खोल खणावा, गाठी वर काढून चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळू द्याव्यात आणि मगच वेचून जाळाव्यात.