भेट मिळालेली लिली: मृगाआधी कुंडी आडोशाला, विसर्जनानंतर कंद फ्रीजमध्ये

जानेवारी-फेब्रुवारीत भेट आलेल्या लिलीची फुलं कधीच गळाली असतील आणि कुंडीत आता पिवळट दांडे उभे असतील. ते कचऱ्यात टाकू नका. खरी चीज मातीखाली आहे.

आधी एक खात्री करा. पुण्यात पीस लिली, फुटबॉल लिली, रेन लिली अशा सगळ्यांनाच लिली म्हणतात. त्यांना पुढचे उपद्व्याप लागत नाहीत. इथला सल्ला एशियाटिक आणि ओरिएंटल लिलीसाठी आहे. तिचा कंद सोललेल्या लसणासारखा, सुट्या पाकळ्यांचा असतो. वर कांद्यासारखं कोरडं साल नसतं, त्यामुळे तो उघडा ठेवला की सुकतो आणि पाण्यात राहिला की कुजतो.

पानं हिरवी असतील तर कापू नका, पुढच्या वर्षीचं फूल तीच पोसतात. सुकलेली फुलं मात्र खुडून टाका, नाहीतर ताकद बोंडात जाते. दांडा पूर्ण पिवळा पडेपर्यंत सकाळचं ऊन आणि दहा-बारा दिवसांनी लिटरभर पाण्यात ग्रॅमभर १९:१९:१९ हे विरघळणारं खत पुरे.

वळवाची एखादी सर चालते. पण जूनमध्ये पाऊस लागून राहिला की बाल्कनीच्या कठड्यावरची कुंडी गेलीच म्हणून समजा. मृगाआधी ती पागोळ्यांपासून दूर, सावलीत आत घ्या. खालची ताटली काढा. माती जेमतेम ओलसर राहील एवढंच पाणी द्या.

आता थंडीचा प्रश्न. या लिलीला फुलायला सहा-आठ आठवडे २ ते ५ अंशांची थंडी लागते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे कुडकुडायला होतं खरं, पण दुपारी ऊन तापतंच, तेवढ्यावर तिचं भागत नाही. म्हणून फ्रीज. अनंत चतुर्दशी झाली की कंद उकरा, मुळं राहू द्या, मऊ पडलेल्या पाकळ्या काढून टाका. दोन ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात कालवून हातमोजे घालून अर्धा तास बुडवा, मग सावलीत निथळू द्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपतच ओलं हवं. त्यात कंद घालून भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. शेजारी केळी-सफरचंदं नकोत, पिकत्या फळांच्या वायूनं आतला कोंब बिघडतो. पिशवीवर नाव लिहाच. आमच्याकडे एक कंद फोडणीत जाता जाता वाचला!

तुळशीच्या लग्नापर्यंत आठ आठवडे भरतात. तेव्हा आठ-दहा इंची कुंडी घ्या. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते. लाल माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागानं घ्या. कंदावर चार इंच माती हवीच, कारण या लिलीला कंदाच्या वर, दांड्यालाही मुळं फुटतात आणि पाणी-खत जास्त तीच ओढतात. वरवर लावलेली लिली लोळते.

एशियाटिक साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलते, ओरिएंटलला आणखी महिनाभर लागतो. विकताना कुंडीतली रोपं बहुधा औषध देऊन बुटकी ठेवलेली असतात. घरी ती उंच जातील, काठीचा आधार द्या. पहिल्या वर्षी कळ्या कमी येतात. कंद बारीक असेल तर नुसती पानंच येतील. तरी त्याला सांभाळा, त्याच्या पुढच्या हंगामाला फुलू शकेल.

घरात मांजर असेल तर ही लिली ठेवूच नका. पराग चाटला तरी तिची किडनी निकामी होते.