या चुका टाळा: ब्लूग्रास गिटारचे रन आणि हुकलेली सम

दर मे महिन्यात माझ्याकडे कुडाळला तीन-चार मुलं येतात. बहुतेक सुट्टीला गावी आलेले मुंबईकर. खांद्यावर गिटार, फोनमध्ये चाळीस व्हिडिओ, आणि बूड टेकायच्या आत पहिला प्रश्न: "काका, रन शिकवा ना." मी म्हणतो, आधी दोन मिनिटं नुसतं जी-सी-डी वाजवून दाखव. त्या दोन मिनिटांत ठेका तीनदा पळतो. तरी रन हवाच. फणस कापायच्या आधीच ताटलीत गरे मागतात, त्यातला प्रकार.

ब्लूग्रास ज्यांनी फारसं ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या अमेरिकन लोकसंगीतात मूळ बाजात ड्रम नसतो. ताल धरतात तो उभा बेस, मँडोलिनचा 'चक' आणि गिटार. बँजोही असतो, पण आपल्याकडे विसर्जनाला बँजो पार्टीत वाजतो तो नव्हे. तो बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा भाऊ. हा पाच तारांचा, ढोलकीसारखं ताणलेलं तोंड असलेला. गिटारवाल्याचं काम धूम-चक, धूम-चक. पहिल्या मात्रेला जाड तारेवर एक सूर, दुसरीला खालच्या तारांवर फटकारा, तिसरीला पुन्हा जाड सूर, चौथीला फटकारा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, जी-सी-डी या तशाच. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मधले दोन-तीन सूर चालत जायचं, त्याला रन म्हणतात. ओढ्यावरचा साकव असतो ना, तसा. साकव पलीकडे जाण्यासाठी असतो, त्यावर उभं राहून फोटो काढण्यासाठी नाही. हे डोक्यात बसलं असतं तर पुढचं निम्मं मला लिहावं लागलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक: रन कुठल्या मात्रेला सुरू करायचा हेच ठरलेलं नसतं

जी वरून सी वर जायचंय. जीच्या शेवटच्या मापात (माप म्हणजे चार मात्रांचा एक फेरा) पहिल्या मात्रेला सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरच्या पट्ट्यांमधलं तिसरं घर), दुसरीला फटकारा. तिसरीला पाचवी तार मोकळी, चौथीला पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट. आणि पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेला पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे सी. सूर ए, बी, सी. एवढंच. रनचा शेवटचा सूर हा नव्या कॉर्डचा पहिला सूर असतो. तो रनच्या मागे लावलेली शेपटी नाही, रन त्याच्यासाठीच असतो.

मुलं काय करतात? सूर पाठ करतात, जागा पाठ करत नाहीत. मग कोणी चौथ्या मात्रेला निघतो. बाकीचे सी वर जाऊन बसलेले असतात आणि हा अजून बी वर. हे निदान लगेच कानाला टोचतं. घातक असतो तो उलटा प्रकार, एक मात्रा आधी पोचण्याचा. त्यात वाजवणाऱ्याला वाटतं, आपण छान चपळ आहोत.

हे मी ऐकीव सांगत नाही. बरीच वर्षं झाली. वेंगुर्ल्याला एका मित्राच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, रात्री जेवणं झाल्यावर खळ्यात आम्ही तिघं बसलो. मी गिटार, सावंतवाडीचा एकजण मँडोलिन आणि गोव्याहून आलेला एकजण पाचतारी बँजो. मी नुकताच रनच्या प्रेमात पडलो होतो. प्रत्येक कॉर्डबदलाला रन, जीवरून डीला रन, डीवरून जीला रन. पहिलं कडवं झालं तेव्हा लोक माना हलवत होते. दुसऱ्यात डीवर जाताना मी तिसऱ्याच मात्रेला निघायचं ते दुसऱ्यालाच निघालो. फटकारा गिळला, दोन सूर घेतले, चौथ्या मात्रेला डीवर दाखल झालो आणि तिथूनच धूम-चक सुरू केलं. म्हणजे माझा धूम नेमका मँडोलिनच्या चकवर. मँडोलिनवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं तो दाद देतोय. मग त्याला वाटलं आपणच चुकलो, त्याने ठेका बदलून माझ्याशी जुळवला. तेवढ्यात मला चूक कळली आणि मीही बदलला. दोघं एकमेकांना सावरायला धावलो आणि दोन्ही वेळा समोरासमोर आपटलो. बँजोवाला शहाणा, त्याने वाजवणं थांबवून पाण्याचा तांब्या उचलला.

ओटीवर भजनी मंडळाचे एक वयस्क पखवाजवाले बुवा बसले होते. त्यांनी ब्लूग्रास जन्मात ऐकलं नसेल. गाणं कसंबसं संपल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "झिला, समेर येवक होया. समेच्या आदी येवन उबो रवलंस तर बाकीचे कसे येतले?"

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं. आजवर कुठल्याही व्हिडिओने मला हे इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका ज्याच्या अंगात आहे, त्याला चार-चारची दोन मापं वेगळी शिकवावी लागत नाहीत. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्याला पहिले दोन दिवस गिटार हातात मिळत नाही. तोंडाने म्हणायचं: धूम, चक, ए, बी, सी. 'सी' म्हणताना मांडीवर थाप. चूक झाली तर पुन्हा. मुलं कंटाळतात. एकाने विचारलं, "काका, हे सोडून थेट सुरू केलं तर?" त्याला म्हटलं, थेट सुरू केलेल्यांसाठीच मी चहा ठेवतो, सुधारून परत येतात तेव्हा.

मेट्रोनोम लावायचा तर त्याची टिकटिक चकवर येऊ द्या, धूमवर नको. साठवर ठेवा. टिक म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा. रनमधला दुसरा सूर टिकवर पडला पाहिजे आणि सी दोन टिकांच्या बरोबर मधल्या शांततेत. सुरुवातीला जीव जातो. पण ही शांतता भरता आली की ठेका पळत नाही.

दुसरी लाडकी चूक: उतरताना अख्खी कॉर्ड धरायचा हट्ट

इथे बोटं जवळून बघूया. समजा जी धरलाय: अनामिका सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचव्याच्या दुसऱ्यावर, करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. ए साठी मधलं बोट नुसतं उचलायचं, पार लांब न्यायचं नाही, तारेपासून भाताच्या शिताएवढं वर. बी साठी तेच बोट परत तिथेच. आता सी. अनामिका सहाव्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सरकते, एक तार खाली, फ्रेट तोच.

आणि नेमकं इथे मुलं अडखळतात. कारण त्यांना वाटतं की पहिल्या मात्रेला सी कॉर्डची तिन्ही बोटं जागेवर हवीत. का हवीत? पहिल्या मात्रेला वाजतो एकच सूर, पाचव्या तारेचा. बाकीच्या तारा दुसऱ्या मात्रेपर्यंत वाजतच नाहीत. मधल्या बोटाला चौथ्या तारेवर आणि तर्जनीला दुसऱ्या तारेवर जायला अख्खी एक मात्रा मोकळी आहे. फेरी बोटीतून उतरताना जसा आधी एक पाय धक्क्यावर, मग दुसरा, मग सामान. सगळं एकदम उतरवायला गेलं की पाण्यात.

हे एका मुलीला समजावून सांगितल्यावर ती पाच मिनिटं काही बोलली नाही, नुसती अनामिका सरकवत बसली. दुसऱ्या दिवशी तिचा सी वेळेवर येत होता. तिने सहा महिने ज्या रनसाठी बोटांचे व्यायाम केले होते, त्याला बोटांची ताकद लागतच नव्हती.

जी धरताना मधलं बोट सहाव्या तारेवर आणि तर्जनी पाचव्यावर ठेवायची सवय असेल तर तीही चालते. पण मला अनामिकेची पद्धत सोपी वाटते, म्हणून मी तीच शिकवतो. ज्याला पटत नाही त्याने भांडू नये, दुसरीकडे जावं.

बाकीच्या चुका पटापट

रनचे सुटे सूर एकेका मात्रेचे असतील तर सगळे डाऊनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली. तारा छेडायचं पिक वरखाली फिरवून जलद वाजत नाही, पातळ वाजतं.

पिक मऊ असेल तर जाड तारेवर ते वाकतं आणि सूर उशिरा निघतो. एक मिलिमीटरच्या आतलं घेऊ नका.

जीवरून डीवर जाताना पाचव्या तारेचा तिसरा, मग चौथा फ्रेट, मग चौथी तार मोकळी. हा मधला चौथा फ्रेट वगळून वाजवणारे खूप. त्या अर्ध्या सुराशिवाय रन बिनमिठाच्या पेजेसारखा लागतो.

डीवरून जीवर परतताना सहावी तार मोकळी, दुसरा फ्रेट, तिसरा. ही परतीची वाट कोणी शिकत नाही, सगळ्यांना जायचंच असतं.

उभा बेसवाला सोबत असेल आणि तोही चालत असेल, तर तुम्ही धूम-चकवर राहा. दोघांनी एकदम चालायला लागलं की अरुंद पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर.

गायक ओळ म्हणत असताना रन नको. ओळ संपली की जागा तुमची.

जी रनचा सोस

हा तो प्रसिद्ध रन, गिटारवादक लेस्टर फ्लॅट यांच्या नावाने ओळखला जाणारा. फ्लॅट १९४५ मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये आले, त्याच वर्षअखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन आले, आणि १९४८ मध्ये दोघंही बाहेर पडले. फ्लॅट अंगठ्यात पिक घालून वाजवायचे, आज आपण वापरतो तसं चिमटीतलं चपटं पिक नव्हे. जाड तारांवर सूर आणि खाली फटकारा ही चाल त्यांच्याही आधीची. कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टर १९२७ सालच्या अमेरिकेतल्या ब्रिस्टलच्या ध्वनिमुद्रणातही गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवत होत्या. हे सांगतो कारण मुलांना वाटतं रन म्हणजे कोणीतरी परवा शोधलेली करामत.

जी रन हा पूर्णविराम आहे. ओळ, कडवं, गाणं संपलं की तो येतो. प्रत्येक चौथ्या मापाला पूर्णविराम दिलेलं पत्र वाचून बघा. माझ्याकडे एका मुलाने एका गाण्यात तो सतरा वेळा वाजवला. मी मोजत होतो. अठराव्याला मी उठून बाहेर कुंपणाला पाणी घातलं.

टॅबचे आकडे पाठ, सुरांची नावं नाहीत

टॅब म्हणजे सुरांऐवजी तारा-फ्रेटचे आकडे लिहायची पद्धत. ही चूक उशिरा बाहेर येते. आकड्यांवर शिकलेला जोपर्यंत जीमध्ये आहे तोपर्यंत सुरक्षित. गायिकेने "जरा वर घेऊया" म्हटलं की दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून तो एमध्ये जातो, बोटं तीच, तरीही ठीक. पण गाणं सी कॉर्डच्या आकारांत घ्यायचं ठरलं की त्याचा साकव वाहून गेलेला असतो. सीवरून एफवर कसं जायचं? सी, डी, ई, एफ. पाचव्या तारेचा तिसरा, चौथी तार मोकळी, चौथीचा दुसरा, चौथीचा तिसरा. जीवरून सीला ज्या पायऱ्या, त्याच इथे. सारेगम ज्याला येतं त्याला हे दोन मिनिटांत कळतं: सा रे ग म, म्हणजे पहिलीवरून चौथीवर. आपल्याकडच्या मुलांना शाळेत सारेगम शिकवलेलं असतं आणि गिटार हातात आली की ते विसरतात, जणू ते फक्त पेटीचं आहे.

आणि पाऊस

जून ते सप्टेंबर अर्ध्या तक्रारी बोटांच्या नसतातच. कोकणातल्या दमट हवेत लाकूड पाणी पितं, गिटारचं पोट फुगतं, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात. मग पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबताना जोर जास्त लागतो आणि सूर थोडा चढा येतो. मुलं रडवेली होतात, "काका, मेमध्ये जमत होतं." जमत होतंच. गिटार बदलली, तू नाही. पेटीतच ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्यांचं काम संपलं. जुलैत उन्हाची वाट बघू नका, दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परता. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर कोणीतरी साबुदाणा समजून भिजत घालेल.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या तारा खाऱ्या हवेने गंजतात. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. चतुर्थीला पाहुण्यांसमोर वाजवायचं असेल तर तारा चार दिवस आधी बदला, आदल्या रात्री नको. नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत उतरत राहतात, आणि आरतीच्या टाळांमध्ये ट्यूनर कोणाचंच ऐकत नाही.