पाइप आतनं खाल्ला जातोय आणि रजिस्टरात सगळं ओके? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाईंगवाल्यांकडं कंडेन्सेटची, म्हणजे वाफेचं गार होऊन झालेलं पाणी परत नेणारी, लाइन फुटली तेव्हा मी तिथंच होतो. दोन इंची शेड्यूल 40 पाइप, नवा असताना जाडी 3.91 एमएम, आणि रजिस्टरात मागच्याच महिन्याचं रीडिंग 3.7. सगळे म्हणायला लागले बाहेरनं जाडी मोजायचा अल्ट्रासॉनिक गेज बिघडलाय. गेज चांगला होता, रीडिंग पाइपच्या वरच्या अंगाला घेतलेलं, कारण तिथं हात सहज पोचतो! तुकडा कापून बघितला तर वर नव्यासारखा आणि तळाला बोट बसेल एवढी लांब चर.

तळालाच का ते समजून घ्या. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, म्हणून सॉफ्टनर बसवतात आणि निश्चिंत होतात, पण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, बायकार्बोनेट तसंच राहतं, ते बॉयलरमध्ये तापलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, वाफेबरोबर पुढं जातो आणि वाफेचं पाणी झालं की त्यात विरघळून आम्ल तयार होतं. ते पाणी पाइपच्या तळानंच वाहणार ना. कंडेन्सेटचा पीएच तपासता तेव्हा सॅम्पल बादलीत उघडं ठेवू नका, गॅस उडून जातो आणि पीएच खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. सॅम्पल कूलरमधनं (सॅम्पल गार करायच्या बंद नळीतनं) गार करून बाटली काठोकाठ भरा, लगेच बूच लावा.

पेंटवरनं गेजचा प्रोब लावणं ही पण नेहमीची चूक, साध्या गेजला पेंटचा थर खऱ्या जाडीच्या दुपटीहून जास्त लोखंडासारखा दिसतो. गरम पाइपवर पण रीडिंग थोडं जास्तच येतं.

काहीजण लाइनमध्ये कूपन, म्हणजे झीज मोजायला वजन केलेली धातूची पट्टी, टाकतात, चांगलंच आहे, पण आठ दिवसांत काढून वजन करू नका, कोरा धातू सुरुवातीला जास्त झिजतो, साधारण 90 दिवस तरी राहू द्या. आणि वजनावरनं निघतो तो सरासरी आकडा, एकाच जागी खोल खड्डा पडला असेल तर तो त्यात लपतो, म्हणून कूपन धुतल्यावर भिंगातनं बघाच. एलपीआर प्रोब (विजेवरनं गंजाचा वेग लगेच दाखवणारा) वाफेच्या लाइनला चालत नाही, त्याला वीज वाहणारं पाणी लागतं.

उद्या कामावर गेलात की स्टीम ट्रॅपच्या (वाफ अडवून पाणी तेवढं सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचा पाइप, एल्बो आणि आडव्या लाइनचा तळ, एवढ्या जागा पेंट मार्करनं गोल करून ठेवा, नंबर टाका, आणि दर वेळी त्याच गोलात रीडिंग घ्या, शिडी लावावी लागली तरी.