बाळाला स्लिंगमध्ये घेऊन निघण्याआधी

थोरली दोन महिन्यांची असताना मी तिला रिंग स्लिंगमध्ये, म्हणजे खांद्यावरच्या दोन रिंगांतून ओवून बाळ अंगाला बांधायच्या कापडात, घेऊन शेअर रिक्षाने आईकडे निघाले होते. घरी आरशासमोर बांधलं तेव्हा सगळं नीट होतं. रिक्षात बसले, ती झोपली, ऊन लागू नये म्हणून मी वरून ओढणी घेतली. थोड्या वेळाने ओढणीखालून बारीक घरघर ऐकू यायला लागली. मला वाटलं, छान गाढ झोप लागलीय. शेजारी बसलेल्या आजींनी ओढणी बाजूला केली. "अगं, मान बघ पोरीची!" हनुवटी छातीत रुतली होती, खालचा ओठ आत दुमडला होता. कपाळाला हात लावून मी डोकं वर केलं, तेव्हा तिने एक मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. आता धाकटा दीड महिन्याचा झालाय, म्हणून पुन्हा बांधण्याआधी हे लिहून काढतेय.

दूध पाजलेलं, लंगोट बदललेला, हे सांगायला नको. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा नाक चोंदलेलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधूच नका.

कापड विणलेलं सुती हवं. जॉर्जेटची ओढणी निसटते. आजीची जुनी साडी मऊ असते हे खरं, पण ती उजेडासमोर धरून बघा. विरलेली दिसली तर गोधडीला द्या. रिंगा बाळासाठीच्या, बिनजोडाच्या. पडद्याच्या रिंगा नकोत, वजनाने जोड उघडतो. रिंगेजवळची शिवण दर वेळी ओढून बघायची. मंगळसूत्र काढून ठेवा, मण्यांचे वळ बाळाच्या गालावर उमटतात. साडीला, ओढणीला सेफ्टी पिन नको. पहिले दोन-तीन दिवस तीन-चार किलो तांदळाची पिशवी बांधून घरात फिरा. वेडेपणा वाटेल, पण करा.

आता बांधणी. आपल्या हातांना झोळीची सवय असते, बाळ आडवं घालायची. अंगावर बांधताना ती सवय सोडायची. बाळ उभं, पोट आपल्या पोटाला टेकलेलं. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेलं, गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय बेडकासारखे फाकलेले. पाय सरळ लोंबत राहिले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. पाठीवरचं कापड इतकं घट्ट की आपण थोडं वाकलो तरी बाळ अंगापासून सुटत नाही. सैल कापडात ते हळूहळू खाली घसरतं आणि गोळा होतं. डोकं इतकं वर की मान किंचित झुकवली की त्याच्या कपाळाची पापी घेता येते.

आणि हनुवटी. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. अंदाजाने नाही, बोटं घालून बघायचं. एवढ्या लहान बाळाची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, डोकं जड असतं, मानेत ते उचलायची ताकद नसते. मान पुढे दुमडली की हवेची वाट बंद होत जाते. अशा वेळी बाळ रडत नाही, हातपाय झाडत नाही, गप्प होत जातं. म्हणून शांत आहे म्हणजे बरं आहे असं समजू नका. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगबाबत इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांतले किमान १४ मृत्यू त्यांच्यासमोर होते. त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

मी चुकले ती बांधताना नाही, बांधल्यानंतर. उभ्याने बांधलेलं बाळ आपण बसलो की आपल्या पोटाच्या घडीत दबतं आणि वाकतं. म्हणून बसलात, बघा हनुवटी. ते झोपलं, बघा. खड्डा आला, बघा. अंगावर पाजायला कापड सैल केलंत तर पाजून झाल्यावर बाळ पुन्हा वर घ्या, कापड आवळा, आणि परत दोन बोटं. चेहरा उघडा. पदर नको, ओढणी नको, स्लिंगचं उरलेलं टोकही तोंडावर नको. ऊन असेल तर छत्री घ्या, नाहीतर ऊन उतरल्यावर निघा. घरघर, कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुलणं, ओठांचा रंग बदलणं, यातलं काहीही दिसलं तर रस्त्यात, बाजारात, असाल तिथे थांबून बाळ बाहेर काढा. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

उकाड्यात कापड हाही एक कपडाच धरायचा, आत झबलं पुरे. मानेवर हात लावून घाम बघा.

वाकायचं झालं तर कमरेतून नाही, गुडघ्यातून, एक हात बाळाच्या पाठीवर. स्लिंगमध्ये बाळ असताना गॅसपाशी जायचं नाही, हातात गरम चहा नाही. स्कूटरवर नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. कारमध्येही स्लिंग चालत नाही, तिथे बाळाची सीटच हवी.

काढताना पलंगावर बसा, आधी पाठीवर हात, मग रिंग सैल. बाळ झोपलेलं असलं तरी काढाच आणि गादीवर उताणं ठेवा. ते तसंच अंगावर ठेवून सोफ्यावर डोळे मिटू नका, कारण तेव्हा हनुवटी बघायला कोणी नसतं.