फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष: स्नायू पाठ करण्याआधी

बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, नव्याने आलेली मुलं थेट स्नायूंच्या तक्त्याला भिडतात. ओरिजिन (स्नायू जिथून निघतो), इन्सर्शन (जिथे चिकटतो), नर्व्ह सप्लाय (त्याला येणारी नस), अ‍ॅक्शन. शरीरात सहाशेहून अधिक स्केलेटल, म्हणजे हाडं हलवणारे, स्नायू आहेत. या वाटेने गेलं की दमछाक ठरलेली. मी ज्युनिअर्सना आधी हालचाली पक्क्या करायला सांगते, त्याही स्वतःच्या अंगावर.

सुरुवात अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनपासून. ताठ उभे राहा, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. सगळी नावं या स्थितीवरूनच ठरतात. फ्लेक्शनमध्ये, म्हणजे सांधा वाकवताना, खांदा, कोपर, खुबा पुढे जातो, गुडघा मात्र मागे वाकतो. बोटं फाकवली की अ‍ॅबडक्शन, जुळवली की अ‍ॅडक्शन. म्हणजे मध्यरेषेपासून दूर जाणं आणि तिच्याकडे येणं, पण इथली मध्यरेषा शरीराची नसते. हातात ती मधल्या बोटातून जाते, पायात अंगठ्याशेजारच्या बोटातून. तोंडी परीक्षेत विचारण्यासारखी गोष्ट आहे, करून पाहिली की विसरत नाही.

मग मांडी घालून बसा आणि मोठ्याने सांगा: खुब्यात फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन, लॅटरल रोटेशन (मांडी बाहेरच्या बाजूला फिरणं), गुडघ्यात फ्लेक्शन. या चारही हालचालींना हातभार लावणारा सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तो मांडीवरून तिरका उतरतो आणि गुडघ्याखाली टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) आतल्या बाजूला चिकटतो. हा मार्ग बोटाने गिरवा, चारही अ‍ॅक्शन तिथेच समजतात.

खरी गाठ पुढे आहे, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावते. पाण्याची बादली कोपर वाकवून थोडी वर उचला. दुसरा हात दंडावर ठेवा. आता बादली सावकाश खाली न्या. कोपर सरळ होतंय, म्हणजे एक्स्टेन्शन. काम कोण करतंय? बहुतेक जण ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) म्हणतात, कारण तक्त्यात तसं छापलंय. पण हाताखाली दंडाची पुढची बाजू टणक लागते आणि ट्रायसेप्स सैल असतो. बादली खाली ओढण्याचं काम गुरुत्वाकर्षण करतंय. ब्रेकिअ‍ॅलिस आणि बायसेप्स हे दंडाच्या पुढचे स्नायू लांब होत होत तिला आवरून धरतायत. हेच एक्सेंट्रिक आकुंचन.

खाली बसतानाही तेच. गुडघ्यात फ्लेक्शन होतं, पण राबतो मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स. सिंहगड चढताना धाप लागते, तरी दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे, कारण एक्सेंट्रिक कामाने स्नायू जास्त दुखतात. म्हणून कुठलीही हालचाल पाहिली की आधी विचारा, वजन कुठे ओढतंय? स्नायूचं नाव त्यानंतर.

ही सवय वॉर्डात लगेच कामाला येते. स्नायूची ताकद आपण 0 ते 5 अशी मोजतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली, पण वरून जोर दिल्यावर टिकली नाही, तर 3. गुरुत्वाकर्षणाचा अडथळा काढल्यावरच हालचाल होत असेल तर 2. खांद्याचं अ‍ॅबडक्शन बसलेल्या रुग्णाला जमत नसेल, तर त्याला पाठीवर झोपवा, हाताला आधार द्या आणि पुन्हा करायला सांगा. ग्रेडसोबत रुग्णाची स्थितीही केसपेपरवर लिहा.