सावकाराचं कर्ज किती जणांवर? स्वतःचं नको, ओळखीच्यांचं विचारा

‘तुमच्यावर खासगी सावकाराचं कर्ज आहे का?’ असं दारात उभं राहून विचारलं, तर बीड काय आणि परभणी काय, उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘तुमच्या ओळखीत असे किती जण आहेत?’ म्हटलं की माणूस बोटं मोजायला लागतो.

ही रीत भूकंपातून निघाली. किल्लारीच्या आठ वर्षं आधी, १९८५ साली मेक्सिको सिटी हादरली. किती माणसं गेली याचा आकडा पक्का कळेना. तेव्हा रसेल बर्नार्ड, पीटर किलवर्थ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या लोकांना विचारलं, तुमच्या ओळखीचं कुणी गेलं का? पण त्या उत्तरावरून आकडा काढायचा तर एका माणसाची ओळख साधारण किती जणांशी असते, हे आधी कळायला हवं.

तिथूनच सुरुवात करा. तालुक्यात ज्यांची संख्या कागदावर मिळते असे गट निवडा. समजा, तालुका २ लाखांचा. आशाताई १८०, अंगणवाडी सेविका ३२०, झेडपीचे शिक्षक १४००, लाइनमन १००, मिळून २०००. एका बाईंच्या ओळखीत यातले ४ निघाले, म्हणजे दर ५०० मागे १. तोच हिशेब तालुक्याला लावला की त्यांची एकूण ओळख साधारण ४०० जणांशी. आता सावकाराचं कर्ज असलेले त्यांना ८ जण माहीत असतील, तर ४०० त ८ म्हणजे २ टक्के, तालुक्यात ४०००. एका बाईंवर अर्थातच थांबायचं नाही. शे-दोनशे जणांना विचारा, सगळ्यांच्या ‘८’ची बेरीज करा, तिला सगळ्यांच्या ‘४००’च्या बेरजेनं भागा.

गणित सोपं आहे. घोडं अडतं ते ‘ओळख’ या शब्दापाशी. आम्ही पहिल्यांदा नुसतंच विचारलं तर पारावरचे एक आजोबा म्हणाले, “सगळं गावच की वळखीचं!” बरोबरच होतं त्यांचं. म्हणून प्रश्नातच बांधून घ्या: तुम्ही त्यांना नावानं किंवा चेहऱ्यानं ओळखता, तेही तुम्हाला ओळखतात, आणि गेल्या दोन वर्षांत भेट किंवा फोन झालाय. शिवाय राहायला याच तालुक्यात. लेक दिली ते गाव शेजारच्या तालुक्यात असेल, तर तिथले सोयरे धरायचे नाहीत.

मोजायचं माणसांत. याच रीतीनं ऊसतोडीला जाणारे मोजताना हे फार जपावं लागतं. ‘पाच कोयते’ म्हणजे पाच माणसं नव्हेत; नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर जाऊही नका, निम्मी घरं कुलूपबंद सापडतील. गुढीपाडवा होऊन टोळ्या परतल्या की निघा.

आणि एकाच आळीत फॉर्म भरू नका. भावकीतल्या दहा जणांना तेच आठ कर्जदार माहीत असतात. वाड्या, तांडे, तालुक्याचं गाव, सगळीकडं फिरा. तरीही आकडा कमीच येईल, कारण सावकाराचं देणं माणूस सख्ख्या मित्रालाही सांगत नाही.

शेवटी, आशाताई-लाइनमन असे सुरुवातीला निवडलेले गट तपासून घ्या. एकेक गट बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्याची संख्या काढायची आणि कागदाशी ताडायची. १०० लाइनमन ३०० निघाले, तर तो गट सरळ काढून टाका. लाइट गेली की सगळ्या गावाला तोच आठवतो.